मेजर झाला, पुढे काय? लष्करात बढती एवढी सावकाश का?

अनुजा_लिहिते
सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा माझा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ पायदळात मेजर आहे. सेवेची अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात रजेवर आला होता. एका रात्री गप्पांच्या ओघात म्हणाला, "ताई, अजून वीस वर्षं काढली तरी फार तर एक-दोन पायऱ्या." एरवी तो असं बोलणारा नाही. त्याच्याबरोबर बारावी झालेली मुलं कंपन्यांत कुठल्या कुठे पोचलीत. आमच्या आईला 'मेजर' हा शब्द अजून भारी वाटतो. त्याला तसा वाटत नसावा.

तर प्रश्न असा, की लष्करातल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांची बढती खरंच इतकी हळू असते का? आणि तसं असेल तर वीस वर्षं पुरी करून, पेन्शन बांधून बाहेर पडणंच शहाणपणाचं का? आमच्या घरात दुसरं कोणी फौजेत नाही, त्यामुळे विचारायचं कुणाला हेही कळत नाही.

टवाळ_पोर
आमच्या ऑफिसात एक जण चौदा वर्षं 'असिस्टंट' आहे. त्याला निदान मेसमध्ये सलाम तरी मिळायला हवा होता.

शंकेखोर
ओळखीतल्या एकांना नायब सुभेदार व्हायलाच बावीस वर्षं लागली. त्या मानाने अकरा वर्षांत मेजर म्हणजे रॉकेटच की. तक्रार कसली?

निवृत्त_तोफची
शंकेखोर, तुम्ही दोन वेगळ्या शिड्या एकत्र केल्यात. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. शिपाई म्हणून भरती होऊन वर आलेली अनुभवी माणसं. त्यांच्या नावात 'ज्युनिअर' आहे म्हणून घोळ होतो. एका पलटणीत सुभेदार मेजर एकच, त्यामुळे त्यांची शिडी तर याहून अरुंद. पण त्यावर स्वतंत्र धागा काढा. अनुजाताई विचारताहेत ते कमिशन्ड अधिकाऱ्यांबद्दल.

आता मूळ प्रश्न. ताई, उत्तर जरा उलटं आहे. कनिष्ठ अधिकाऱ्याची बढती आज हळू नाहीच. घड्याळासारखी आहे. लेफ्टनंट म्हणून कमिशन, दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. ठरलेल्या परीक्षा पास झालात आणि काही भानगड केली नाहीत की झालं. हे डिसेंबर २००४पासून, अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशींनंतर. त्याआधी प्रत्येक पायरीला बरीच जास्त वर्षं लागायची, आणि लेफ्टनंट कर्नल व्हायला तर निवड मंडळापुढे जावं लागायचं. मी १९७८चा. आमच्या वेळचे मेजर पिकल्या केसांचे असायचे.

अडतं कुठे, तर तेराव्या वर्षानंतर. लेफ्टनंट कर्नलचा कर्नल होताना घड्याळ बंद पडतं आणि दार येतं. तुमच्या भावाला आत्ताच ते दार दिसायला लागलंय.

अनुजा_लिहिते
काका, म्हणजे अजून दोन वर्षांत तो आपोआप लेफ्टनंट कर्नल होईल? हे तो बोललाच नाही!

निवृत्त_तोफची
होईल. 'पार्ट बी', 'पार्ट डी' या खात्यांतर्गत परीक्षा दिल्या असतील ना, मग होईल. बोलला नाही, कारण त्याच्या लेखी त्यात बोलण्यासारखं काही नाही. सगळेच होतात.

आकडेमोड
इथे एक गंमत कुणी पाहिली का? १९७१च्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग. आज त्याच खुर्चीत कर्नल बसतो. म्हणजे काम तेच, माणसं तेवढीच, खांद्यावरचा हुद्दा एक पायरी वर सरकला. त्यामुळे "पूर्वी लेफ्टनंट कर्नल व्हायला किती वर्षं लागायची आणि आता तेरा वर्षांत होतात" ही तुलना पूर्ण खरी नाही. हुद्द्याची किंमतच उतरली. याला अर्थशास्त्रात महागाई म्हणतात :)

निवृत्त_तोफची
आकडेमोड, बरोबर पकडलंत. त्यामागे इतिहास आहे. १९६२नंतर फौज झपाट्याने वाढवली, इमर्जन्सी कमिशनवर मोठ्या संख्येने अधिकारी घेतले. त्यातले बरेच पाचेक वर्षांनी सोडले, पण राहिले तेही कमी नव्हते. पुढे वरच्या जागा तेवढ्याच आणि मधे ही गर्दी. बाटलीच्या गळ्यात बूच अडकावं तसं. ऐंशीच्या दशकात त्यावर तोडगा म्हणून वरच्या जागांचे हुद्दे वाढवले, आणि पलटणीचा प्रमुख लेफ्टनंट कर्नलचा कर्नल झाला. गर्दी तेवढ्यापुरती हलली. मग परत साचली.

२००४च्या सुधारणेचं खरं कारण अधिकाऱ्यांचं समाधान नव्हतंच, हेही सांगून ठेवतो. कारगिलनंतर लक्षात आलं की पंधरा-सोळा हजार फुटांवर पलटण घेऊन चढायचं तर प्रमुखाचं वय चाळिशीच्या पलीकडे असून चालत नाही. त्याला छत्तीस-सदतिसाव्या वर्षी पलटण मिळावी असा हेतू होता. आता लवकर मिळायची तर आधीच्याने ती लवकर सोडली पाहिजे. म्हणजे खुर्ची भरभर फिरवा, आणि खुर्ची सोडलेल्या कर्नलांना बसवायला आणखी जागा काढा. पायदळ आणि तोफखान्यात कमांडचा कार्यकाळ तोकडा ठेवला आणि कर्नलच्या नव्या जागांचा मोठा वाटा त्यांना गेला.

सिग्नलमन
आणि आम्ही बसलो टाळ्या वाजवत. काका, तुम्ही तोफखान्याचे, त्यामुळे हे वाक्य तुमच्या तोंडी सोपं आहे. त्या 'कमांड एक्झिट' सूत्राने सिग्नल्स, इंजिनिअर्स, सप्लाय कोअर यांच्या वाट्याला जागा कमी आल्या. एकाच अकादमीतून, एकाच दिवशी, एकाच मैदानावरून पासिंग आउट झालेल्या दोघांतला एक पायदळात गेला म्हणून कर्नल आणि दुसरा सिग्नल्समध्ये गेला म्हणून नाही. बरं, कोणत्या शाखेत जायचं हे सगळ्यांच्या हातात नसतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१६मध्ये न्यायालयाने धोरण कायम ठेवलं, पण लढाईला साहाय्य करणाऱ्या शाखांसाठी १४१ जादा जागा द्यायला सांगितल्या.

निवृत्त_तोफची
मान्य. आमच्या ताटात जास्त वाढलं गेलं. पण लोणचंसुद्धा नाही असं नव्हतं हो तुमचं.

सात_बदल्या
मी फौजी बायको. एकोणीस वर्षं, सात बदल्या, त्यातल्या दोन मुलाच्या दहावी-बारावीत. सगळे जागा आणि सूत्रं सांगताहेत, मी घरातलं सांगते.

आमच्याकडे काळ्या पत्र्याच्या ट्रंका असतात. त्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा लिहिलेला. लग्न झालं तेव्हा कॅप्टन होतं. मग ते काळ्या रंगाने झाकून मेजर. मग लेफ्टनंट कर्नल. नीट बघितलं तर खालची जुनी अक्षरं उंचवट्यासारखी हाताला लागतात. प्रत्येक वेळी रंगाचा डबा आला की घरात सणासारखं व्हायचं, मुलगा ब्रश मागायचा.

सेवेच्या सोळाव्या वर्षी यांच्या तुकडीचं, म्हणजे एकाच वेळी कमिशन मिळालेल्यांचं, बोर्ड बसलं. 'नंबर तीन सिलेक्शन बोर्ड', लेफ्टनंट कर्नलचा कर्नल करणारं. निकाल लागेपर्यंत काही महिने जातात. त्या काळात बायका एकमेकींना फोन करतात आणि निकाल सोडून सगळ्यावर बोलतात. निकाल लागला त्या दिवशी मला कोणी सांगावं लागलं नाही. शेजारच्या बंगल्यात गाड्या येत होत्या आणि आमचा फोन गप्प होता. दोघेही एकाच तुकडीचे. संध्याकाळी हे स्वतः जाऊन त्याचं अभिनंदन करून आले, मीही गेले. खरं सांगते, त्या घरातल्या बाईला माझ्याकडे बघणं मला तिच्याकडे बघण्यापेक्षा जड गेलं असावं.

अजून दोन संधी असतात. पहिला फेरविचार, शेवटचा फेरविचार. त्या दोन्हीही गेल्या. ट्रंका तशाच आहेत.

शंकेखोर
ताई, वाईट वाटलं वाचून. आधीच्या माझ्या प्रतिसादाबद्दल माफी, मला हे काही माहीत नव्हतं.

टवाळ_पोर
मी आता काही विनोद करत नाही.

कारकून_नं_१
मी नागरी सेवेतला, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. निमुळती शिडी सगळीकडेच असते. प्रत्येक जण सचिव होत नाही, प्रत्येक पोलीस अधिकारी महासंचालक होत नाही. फौजेत निदान तेरा वर्षांपर्यंत हमी आहे, आणि सेवेच्या सव्विसाव्या वर्षी काळाच्या हिशोबाने 'कर्नल' हा हुद्दाही मिळतो ना? मग एवढा आक्रोश का?

सिग्नलमन
शिव्या नाही, हिशोब देतो. तुमच्या संघटित 'अ' गटाच्या सेवांना सहाव्या वेतन आयोगापासून 'एनएफयू' मिळतं. पद मिळो न मिळो, आयएएसची एखादी तुकडी केंद्रात एका पातळीला पोचली की दोन वर्षांनी तुमच्या त्याच तुकडीला त्या पातळीचा पगार. खुर्ची नाही मिळाली तरी खिसा भरतो. फौजेला हे नाही. आमचा लेफ्टनंट कर्नल एकदा बोर्डात राहिला की पैशानेही तिथेच.

दुसरं, तुमचा माणूस साठीपर्यंत नोकरीत. आमच्याकडे कर्नलपर्यंतचे चौपन्नाव्या वर्षी घरी. ब्रिगेडिअर छप्पन्न, मेजर जनरल अठ्ठावन्न, फक्त लेफ्टनंट जनरल साठ. मुलं कॉलेजात असताना बाप निवृत्त.

आणि ते सव्विसाव्या वर्षीचं 'टाइम स्केल' कर्नलपद. त्याला पलटण मिळत नाही. खांद्यावर सगळं तेच, पण 'टीएस' ही दोन अक्षरं कंसात मागे चिकटलेली. फौजेत ती अक्षरं न लिहिताही सगळ्यांना वाचता येतात.

कारकून_नं_१
निवृत्तीच्या वयाचा मुद्दा सपशेल मान्य. एनएफयूबद्दल मात्र आमच्यातही सगळे खूश आहेत असं समजू नका :)

प्रांजळ
बोर्डात नक्की बघतात काय? मुलाखत असते का?

निवृत्त_तोफची
नाही हो, मुलाखत वगैरे काही नाही. तुम्ही तिथे नसताच. तुमच्याऐवजी तुमची कागदं बसतात. कोर्सचे निकाल, पदकं, कुठे कुठे काम केलंत, आणि मुख्य म्हणजे सीआर, म्हणजे गोपनीय अहवाल. थेट वरिष्ठ लिहितो, त्याचा वरिष्ठ तपासतो, त्याच्या वरचा आणखी एकदा. नऊपैकी गुण. नऊ म्हणजे असामान्य, सात-आठ म्हणजे सरासरीच्या वर.

आता इथेच मेख आहे. 'सरासरीच्या वर' हे तुमच्या-माझ्या भाषेत कौतुक. पण सगळे साहेब आपापल्या पोरांना नऊ देत सुटले, तर त्या गर्दीत आठ म्हणजे खड्डा. मला एका साहेबांनी दोन वर्षं आठ दिले. माणूस सरळ. म्हणाले, "नऊ मी माझ्या आयुष्यात तिघांना दिलेत." मी तेव्हा मनापासून सलाम ठोकून, सही करून बाहेर आलो. आठ वर्षांनी बोर्डापुढे त्या दोन आठांशेजारी दुसऱ्यांचे नऊ होते, आणि ते नऊ देणारे साहेब किती सढळ हाताचे हे कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मी 'झेड' झालो. निकालपत्रात 'बी' म्हणजे निवडला, 'झेड' म्हणजे नाही. सगळी वर्णमाला संपते तिथे.

सात_बदल्या
काका, मग तुम्ही दाद मागितली नाही?

निवृत्त_तोफची
त्या साहेबांविरुद्ध? ते खोटं काहीच बोलले नव्हते. आता लष्करी न्यायाधिकरण आहे, २००९पासून. तिथे जाण्याआधी खात्यातच तक्रार करता येते. मुलं जातात, काही जिंकतातही. मला जमलं नाही.

इतिहासवेडा
अवांतर आहे, पण राहवत नाही. बढती अडकणं हे शांततेच्या काळाचं दुखणं आहे. अमेरिकेचा आयझेनहॉवर १९२०मध्ये मेजर झाला आणि १९३६पर्यंत मेजरच्या वर गेला नाही. सोळा वर्षं! पुढे आठ वर्षांत, डिसेंबर १९४४ला, पंचतारांकित जनरल. आपल्याकडे करिअप्पा १९१९चे. पलटणीची कमान मिळायला १९४२ उजाडलं, आणि तरीही तो मान मिळालेले ते पहिलेच भारतीय. १५ जानेवारी १९४९ला सरसेनापती. तेवीस वर्षं पलटणीच्या दारापर्यंत आणि उरलेली सगळी शिडी सातात. एकदा महायुद्ध, एकदा इंग्रजांचं जाणं.

इंग्रजी आरमारात गुरुवारच्या जेवणात "रक्तरंजित युद्ध होवो किंवा रोगराईचा हंगाम येवो" असं म्हणून पेला उंचवायची जुनी प्रथा आहे. वरचे मेल्याशिवाय जागा कुठून होणार! आणि इंग्रजी पायदळात तर १८७१पर्यंत हुद्दे चक्क पैसे मोजून विकत घेता यायचे.

टवाळ_पोर
हप्त्याने मिळायचे का?

इतिहासवेडा
हप्त्याचं माहीत नाही, पण निवृत्त होताना हुद्दा पुढच्याला विकून पैसे वसूल करता यायचे. म्हणजे पागडीच.

शिलेदार
हा सगळा रडका सूर मला पटत नाही. मी अल्पसेवा कमिशनवर दहा वर्षं काढली आणि बाहेर पडलो. माझ्या मते दोष शिडीचा नाही, शिडीवर किती जणांना चढवता त्याचा आहे. फौजेला लेफ्टनंट-कॅप्टन-मेजर भरपूर लागतात आणि कर्नल थोडे. पण कायम कमिशनवाले वीस-तीस वर्षं थांबायला येतात. मग मधे तुंबणारच. उपाय समितीनेच सांगितला होता. कायमचे अधिकारी कमी घ्या, अल्पसेवेचे जास्त, आणि त्यांना दहा-चौदा वर्षांनी सन्मानाने, हातात काही ठेवून जाऊ द्या. हुद्दे वाढवून दिले, कारण त्याला फारसा खर्च नव्हता. हे 'हातात काही ठेवून' मात्र राहून गेलं. मी निघालो तेव्हा पेन्शन शून्य. म्हणून अल्पसेवेला पोरं येत नाहीत. खाली हजारो अधिकाऱ्यांची कमतरता आणि मधे गर्दी, दोन्ही एकाच वेळी.

अमेरिकेत दोनदा निवड झाली नाही की साधारणपणे बाहेरचा रस्ता. क्रूर आहे. पण चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी नाही म्हटलेलं परवडतं, बाहेर दुसरं आयुष्य उभं करता येतं. आपल्याकडे नाही म्हणतात अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी, आणि मग पंधरा वर्षं ठेवून घेतात.

सात_बदल्या
ठेवून घेतात हे मला तरी वाईट वाटत नाही, शिलेदार. त्या वर्षांत मुलांची शिक्षणं झाली. हे आता एनसीसीच्या कॅडेट्सबरोबर असतात. सकाळी साडेपाचला उठून जातात, कोणी बघत नसताना.

शिलेदार
ताई, तुमच्या घरावर बोललो नाही मी. धोरणावर बोललो. पण मुद्दा लागला.

नवी_पहाट
या चर्चेत एक पूर्णच राहिलं. बायका. आमच्यातल्या कित्येक जणींना सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालापर्यंत बहुतेक शाखांत कायम कमिशनच नव्हतं, मग बोर्ड कुठलं? चौदा वर्षं काम करून घरी. कायम कमिशन मिळाल्यावर जानेवारी २०२३मध्ये खास बोर्ड बसलं. कर्नलच्या १०८ जागा, विचार २४४ जणींचा. त्यातल्या कित्येकींनी मधल्या काळात ते कोर्स केलेलेच नव्हते ज्यांच्यावर बोर्ड गुण देतं, कारण तेव्हा "तुम्हाला कशाला लागतोय" असं उत्तर मिळायचं. तेव्हा दारापाशी थांबलेल्यांनो, आम्ही कुंपणाबाहेर होतो.

सिग्नलमन
+१. आमच्या शाखेतल्या एका मॅडमची निवड झाली तेव्हा खूप बरं वाटलं. थोडी असूयाही वाटली, खोटं कशाला बोलू.

अनुजा_लिहिते
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल रात्री नेटवर्क होतं तेव्हा भावाला हा धागा पाठवला. आधी चिडला, "घरचं बाहेर कशाला" म्हणून. मग दोन तासांनी त्याचा लांबलचक निरोप आला. त्याच्या परवानगीने थोडा इथे टाकते:

"ताई, मी बढतीची तक्रार केलीच नव्हती. तू तसं ऐकलंस. मी पायऱ्या म्हणालो तेव्हा माझ्या डोक्यात माणसं होती. आत्ता माझ्याकडे कंपनी आहे, सव्वाशे जण. कोणाच्या बायकोचं बाळंतपण आहे, कोणाला सुट्टी का हवीय, कोण घाबरतो आणि दाखवत नाही, हे मला माहीत आहे. हे काम आणखी वर्ष-दीड वर्ष. मग स्टाफवर फायली. परत माणसांमध्ये जायचं तर पलटणीची कमान मिळाली पाहिजे, आणि त्याला कर्नल व्हावं लागतं. नाही झालो तर हे शेवटचंच. कर्नलच्या कॉलरवरच्या लाल पट्ट्यांचं मला एवढं काही नाही."

आणि काका, तुमच्यासाठी वेगळं: "त्या काकांना सांग, साहेब लोक आजही नऊ सढळ हातानेच देतात. मला मात्र एक आठ आहे, आणि तो देणारा माणूस मला आवडतो."

निवृत्त_तोफची
पोराला म्हणावं, एक आठ चालतो. दोन नको.

बाहेर पडायचं की नाही हे आत्ता ठरवायची गरज नाही. पेन्शनला वीस वर्षं लागतात, त्याला अजून नऊ आहेत, बोर्ड त्याच्या आधीच होऊन जाईल. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची परीक्षा देतोय का?

अनुजा_लिहिते
हो, अभ्यास चालू आहे म्हणाला. रात्री जनरेटर बंद झाल्यावर टॉर्चवर.

सिग्नलमन
लष्करी इतिहासाचा पेपर हलक्यात घेऊ नको म्हणावं. मी दोन वेळा त्यातच गेलो. माझ्या हाताने काढलेल्या नोट्स आहेत, तीन वह्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.

इतिहासवेडा
त्या वह्यांची एक झेरॉक्स मलाही मिळेल का? परीक्षा द्यायची नाहीये, नुसत्या वाचायच्यात.

सिग्नलमन
अक्षर बघून पश्चात्ताप होईल. पण पाठवतो.